उधार राहिलेली फेरी

परवा माझं एकुलतं एक बरं धोतर डांबरात गेलं. निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झाले, कचेरीवरचा झेंडा बदलला, शिक्के बदलले… पण कापडावरचं डांबर काढायचा उपाय या सरकारकडंही नाही.

आधी रॉकेल लावलं, मग लिंबू, मग शेजारच्या काकूंच्या सल्ल्यानं तूप. डागाचं काही वाकडं झालं नाही, धोतराला मात्र सणासुदीचा वास येतो. वर्गातली पोरं पहिल्यांदाच माझ्याकडं आशेनं बघायला लागलीत…

डांबर होडीचं. हो, होडीचंच… आमच्या या कोरड्या मुलखात, तेरहून कळंबच्या वाटेला लागलं की जो तलाव लागतो, तिथल्या होडीचं.

ती आणली आबपाशी, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या इंजिनेर साहेबांनी. मुंबईच्या बंदरात म्हणे असल्या होड्यांची अख्खी बिरादरी आहे. सगळ्या एकाच नकाशावरून बांधलेल्या. शीड तेवढंच, वजन तेवढंच, उलटू नये म्हणून पोटाखाली लोखंडाचं जड पातं, तेही तेवढंच. शर्यतीत हरलं तर होडीला दोष देता येत नाही… फरक फक्त माणसात.

त्यातली एक साहेबांनी छोट्या रेल्वेनं तेरपर्यंत आणली, पुढं बैलगाड्या जोडून तलावात सोडली. अडचण एवढीच, की शर्यत लावायला दुसरी होडी थेट मुंबईपर्यंत नव्हती.

साहेबांचं कुटुंब हैदराबादला. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आणि उर्दू शाळेत मराठीच्या मास्तरशी कोण बोलतं? दोघांच्याही संध्याकाळी रिकाम्या…

मला म्हणाले, "मास्टरसाब, शर्यत को एकसारख्या नावां होना. एकीच नाव से ज्यादा एकसारखी मैं कां से लाऊं?"

म्हणून पाळीपाळीनं जायचं ठरलं. आधी साहेब, पाण्यातल्या काळ्या खडकाला वळसा घालून परत येऊन घाटाच्या पायरीला हात लावणार. मग मी, त्याच होडीतून, त्याच वाटेनं. काठावर म्हशींना पाणी पाजणारा लिंगप्पा पंच, आणि त्याचं घड्याळ म्हणजे बिडी. हरणाऱ्यानं होडीच्या बुडाला डांबर लावायचं.

चैत्रात साहेबांची फेरी झाली, लिंगप्पाच्या दोन बिड्या संपल्या. मग मी निघालो. जिंकायच्या नादात वळसा आखूड घेतला, पाणी उतरलेलं, आणि खडकापाशी पातं गाळात रुतून बसलं.

लिंगप्पानं म्हशींना दोर बांधून मला ओढून काढलं. वर ओरडत होता, "मास्तर, नाव हाकताव का नांगर?" साहेब तर हसून हसून खालीच बसले. "ये फेरी उधार रही मास्टरसाब. पानी आने दो."

पाणी आलं… पण भादव्यात हिंदुस्थानच्या फौजाही आल्या, आणि एका पहाटे साहेब निघून गेले. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर गुंडाळलेलं शीड टेकवून ठेवलेलं. चिठ्ठी नाही, पत्ता नाही. गावात विचारावं तर लोक आवाज खाली करतात. हैदराबादला पोचले का, एवढंही मला कुणी सांगू शकत नाही.

परवा शीड खांद्यावर टाकून तलावावर गेलो. लिंगप्पा म्हणाला, "कशापायी मास्तर? समोर कोन हाय का आता?" म्हटलं, फेरी उधार आहे. त्यानं बिडी पेटवली.

या वेळी वळसा लांबून घेतला. खडकाआड गेलं की काठ दिसत नाही… तेवढ्यात वाटलं, बाहेर पडेन तेव्हा पायरीवर टोपी हलवत साहेब उभे असतील. बाहेर पडलो. म्हशी होत्या.

पायरीला हात लावला तेव्हा लिंगप्पाची तिसरी बिडी अर्ध्यावर आली होती. "हारलाव मास्तर," तो म्हणाला. मग खाली बघत, "म्या लई सावकाश वढली… तरी बी."

साहेब असते तर तलाव डोक्यावर घेतला असता. जिंकल्याचं चारचौघांत सांगता येतं. हरायला मात्र तोच एक माणूस समोर लागतो.

म्हशींनी होडी काठावर ओढली. पात्यामुळं ती जमिनीवर एकटी उभी राहत नाही, कलंडते. दोन्ही बाजूंनी बाभळीचे टेकू दिले, आणि लिंगप्पा म्हशी घेऊन गावाकडं गेला.

मी तीन दगड मांडून डांबर पातळ केलं. एक बाजू केली, मग दुसरी. साहेबांना डांबराचा ओघळ अजिबात खपायचा नाही… होडीवर एकही ठेवला नाही. सगळे धोतरावर घेतले.