साडेआठच्या बाई

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना पोरं ‘साडेआठ’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. आम्ही मास्तर लोकही म्हणायचो, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला बाई मैदानाच्या कोपऱ्यातल्या तारेच्या कुंपणात शिरायच्या. पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, आतली बाटली काढायची, पाणी मोजनळीत ओतून डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि वहीत आकडा लिहायचा. पाऊस नसला की शून्य. उन्हाळाभर नुसती शून्यं.

मी गणित शिकवतो आणि माझ्या नाकावर राग असतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत. एकदा मी म्हणालो, “बाई, शून्य लिहायला तिथवर तंगडतोड कशाला? वर्गातून दिसतंय की आभाळ.”

त्या म्हणाल्या, “सर, आभाळ बघून लिहिलेलं शून्य वेगळं आणि बाटली बघून लिहिलेलं वेगळं.”

गणिताच्या माणसाला शून्य शिकवते म्हणजे काय! दिवसभर चडफडलो मी.

रविवार असो, सुट्टी असो, अंगात ताप असो, बाई साडेआठला हजर. महिना संपला की आकड्यांचा तक्ता सही करून हवामान केंद्राला पाठवायच्या. केंद्राकडून छापील कार्ड यायचं: ‘आपला तक्ता मिळाला. आभारी आहोत.’ बस, एवढंच. पण बाई ते कार्ड दोनदा वाचायच्या आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवायच्या. “आपला पाऊस तिकडे पोचला,” म्हणायच्या. एकतीस वर्षं हे चाललं. त्यात फक्त एकदा त्यांनी वही दुसऱ्याच्या हातात दिली. यजमान गेले तेव्हा, पाच दिवसांसाठी. माझ्या हातात.

शिक्षण खातं दरवर्षी शिक्षकांची विज्ञान सहल काढतं. कधी दुर्बीण बघायला, कधी अणुभट्टी, कधी औषधांची प्रयोगशाळा. बस पहाटे सुटायची म्हणून बाई कधी आल्याच नाहीत. विज्ञान शिकवणाऱ्या एकट्या त्याच, आणि सहलीला जायचे भाषावाले आणि चित्रकलावाले. शेवटच्या वर्षी, बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना, सहल हवामान केंद्राची निघाली. सहलप्रमुख मी. बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, बस साडेआठनंतर सोडाल? मला एकदा बघायचंय, आपले आकडे तिथे कुठे ठेवलेत ते.”

मी कपाळाला हात लावला, पण हो म्हणालो. त्या दिवशी चाळीस शिक्षक फाटकाबाहेर बसमध्ये बसून माझ्या नावानं बोटं मोडत होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि बाई कुंपणात मोजनळी डोळ्यांसमोर धरून उभ्या. मग धावत आल्या. नवी कोरी साडी, आणि खांद्याला वह्यांची एवढी जड पिशवी की मलाच ती उचलून वर घ्यावी लागली.

केंद्रात एक तरुण अधिकारी मुलगी आम्हाला फिरवत होती. तिनं आकाशात सोडायचा फुगा दाखवला, भूकंपाची सुई दाखवली, आमच्या चित्रकलावाल्यांनी तिला भलतेसलते प्रश्न विचारले. बाईंचं लक्षच नव्हतं. शेवटी नोंदींच्या खोलीत आल्यावर त्या हळूच पुढे झाल्या. “बाळ, आमच्या शाळेचं पान बघायला मिळेल का गं?”

मुलीनं हौसेनं कळफलक बडवला. शाळेचं नाव आलं. त्याच्यासमोर लाल अक्षरं होती: ‘अविश्वसनीय. वापरू नये.’

मुलगी बिचारी गोरीमोरी झाली. तिनं मागची पानं काढली आणि चाचरत सांगितलं, “एकोणीस वर्षांपूर्वीचा एक आठवडा आहे, मॅडम. आजूबाजूच्या सगळ्या ठिकाणी मुसळधार पाऊस, आणि तुमच्याकडे सलग पाच दिवस शून्य. असे आकडे घरबसल्या लिहिलेले असतात, असं तेव्हाच्या साहेबांना वाटलं. एकदा ही खूण पडली की मागचं पुढचं सगळं बाजूला जातं.”

तारखा मी ओळखल्या.

सांगतोच आता. बाईंनी वही दिली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि मला मेहुणीच्या लग्नाला जायचं होतं. मी निघण्याआधीच पाचही दिवसांची शून्यं लिहून टाकली. शाईनं, कारण त्या वहीत खाडाखोड चालत नाही. परत आलो तर मैदानात चिखल आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली. मी ती शेजारच्या झाडाला ओतली. बाई पांढऱ्या चेहऱ्यानं शाळेत परतल्या, माझे आभार मानले, आणि महिनाअखेरीला माझ्या आकड्यांखाली सही केली. मी तर हे विसरूनही गेलो होतो.

अधिकारी मुलगी म्हणाली, “मॅडम, ते आकडे दुसऱ्या कुणी घेतले असतील तर त्यांनी तसं लेखी द्यावं. आम्ही बाकीच्या वर्षांची फेरतपासणी करू. सगळं परत नोंदीत घेता येईल.”

बाईंनी पडद्यावरच्या तारखा पुन्हा वाचल्या. यजमानांच्या तारखा त्या विसरतील होय? त्यांना कळलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. मी चाळीस जणांसमोर उभा, पुढच्या महिन्यात मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणारा. एक वाक्य बोलायचं होतं हो. एकच.

“तक्त्यावर सही माझी आहे ना?” बाई म्हणाल्या. “मग चूक माझीच.” वह्यांच्या पिशवीचे बंद त्यांनी परत बांधले. ती पिशवी उघडलीसुद्धा नव्हती.

परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, “सर, बाटलीत पाणी होतं का हो?”

“होतं.”

“किती?”

“गळ्यापर्यंत.”

“मोजलं नाहीत?”

“नाही.”

“तेवढं तरी मोजायचं होतं,” त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला त्या कुंपणात होत्याच. निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज होत्या. कुणी वापरणार नाही हे माहीत असूनही तक्ते पाठवत राहिल्या, आणि कार्डं येत राहिली. मी मुख्याध्यापक झालो. आज लिहू, उद्या लिहू म्हणत केंद्राला पत्र काही लिहिलं नाही. निवृत्तीनंतर दीड वर्षात बाई गेल्या. त्यांची लेक वह्या आणि तो डबा माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, “आई सांगून गेली, हे सरांकडे दे, त्यांना यातलं कळतं.”

त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि लहान मुलासारखा रडलो. मग चार पानी पत्र लिहिलं. पाच शून्यं, मेहुणीचं लग्न, झाडाला ओतलेलं पाणी, काही लपवलं नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला. सोबत त्या महिन्याच्या पानाची प्रत जोडली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापील कार्ड होतं. ‘आपला तक्ता मिळाला. आभारी आहोत.’

मी ते दोनदा वाचलं आणि बाईंच्या डब्यात ठेवलं.