दोरा कोणत्या फुलाला

काकूला फुलं ओळखता येत नाहीत, हे आमच्या घरात माझ्या जन्माआधीच ठरून गेलं होतं.

डोंगरावरच्या कुरणात आणि त्याला लागून असलेल्या रानात दोन फुलं शेजारी शेजारी येतात, एक निळं, एक पांढरं. पानं सारखी, जमिनीखालचे कांदेही सारखे. निळ्याचे शिजवून खातात, पांढऱ्याचे विषारी. पण कांदे भरतात ते फुलं गळून गेल्यावर. म्हणून बहरातच जाऊन खुणेचा लाल दोरा बांधून ठेवायचा आणि मग सावकाश खणायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच बहरात आजीने नव्या सुनेच्या हातात रीळ दिलं. दोरे बांधून ये, एवढंच सांगितलं. काकूच्या माहेरी दोरा विषारी झाडाला बांधत, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. आमच्याकडे खायच्याला. काकूने माहेरच्यासारखे बांधले, आजीने आमच्यासारखे खणले. काकाला भूक निघत नसे, म्हणून आधी त्याला वाढलं. सकाळी काका नव्हता.

काकूने आजीला सगळं सांगितलं. आजी म्हणाली, "आता सांगून तो उठून बसणार आहे का?" आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, की सून पांढऱ्या पायाची निघाली, पांढरं फूलसुद्धा दिसत नाही तिला. माहेरी परतावं, तर तिथे कुणी उरलं नव्हतं. काकू भांडी घासते, गोठा झाडते, पाणी भरते. चुलीला हात लावायचा नाही. "तुझ्या हातचं नको गं बाई," असं शेजारणी हसत म्हणतात. काकूही हसते.

यंदा आजीला मोतीबिंदूने दिसेनासं झालं, आईचे गुडघे धरले. मी सुट्टीला घरी आले होते. दोरे मी बांधून येते म्हटलं, तर आजी पटकन म्हणाली, "तू राहू दे. तिला जाऊ दे. तिला ओळखता येतात."

काकू दारातच होती. तिने रीळ उचललं आणि गेली.

संध्याकाळी परतली तेव्हा रीळ जसंच्या तसं होतं.

"सासूबाई, कोणत्या फुलाला बांधायचा ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

आजी खाली मान घालून पुटपुटली, "निळ्याला."

काकूने रीळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि भांडी घासायला बसली.