भावोजींची कमान

जगातली कुठलीही वाकडी गोष्ट माउसनं धरून नीट करता येते, अशी श्रद्धा असलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. नागोठण्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर भावोजींनी अष्टमी गावातल्या हौशी मंडळींचा बँड जमवला, स्वतः ट्रंपेट धरलं आणि सगळ्यांचं नोटेशन कॉम्प्युटरवर काढायचं काम अंगावर घेतलं. या नोटेशनमध्ये काही सुरांवर एक कमान असते. तिच्याखालचे सूर एका श्वासात, न तोडता वाजवायचे. सॉफ्टवेअर ती कमान आपल्या मर्जीनं टाकतं. कधी सुराच्या दांडीत घुसवतं, कधी वरच्या ओळीवर नेऊन बसवतं. मग भावोजी तिचं टोक पकडून केसभर वर, केसभर खाली करत अख्खी दुपार घालवतात. शेजारी चहा निवून जातो.

ही नजर पुढं घरभर फिरायला लागली. पेणच्या एका लग्नात मंडपाची झालर नवरदेवाच्या फेट्याला टेकते म्हणून त्यांनी ऐन मुहूर्ताला शिडी मागवली. ताई कपडे वाळत घालत होती, तर म्हणाले, "दोरीचं पोट फार खाली आलंय गो. डावं टोक जरा वर घे."

"तुम्हीच घ्या," ताई म्हणाली, "आणि ही चादर पण पिळा."

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे हसनभाई, गल्फमधून परतलेले, भावोजींचे शाळेपासूनचे दोस्त. यंदा पेणच्या कार्यक्रमाच्या तालमीत एका लांब कमानीखाली त्यांचा दम सुटायला लागला. दर वेळी थांबून ते वाद्याच्या तोंडाशी असलेली वेताची पट्टी तपासायचे. "पट्टी खराब हाय," म्हणायचे.

पुढच्या तालमीला नवे कागद आले. हसनभाईंनी चष्मा वर केला. "कमान मधेच तुटलीय. कोणी तोडली?"

"सॉफ्टवेअरनं," भावोजी ट्रंपेट पुसत म्हणाले. "त्याला लांब कमान झेपत नाय. मी लई प्रयत्न केला."

हसनभाई त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय, जुनं झालं असेल."

पेणला मी पुढच्याच रांगेत होतो. ती जागा आली आणि हसनभाईंनी श्वास घेतला. त्याच क्षणी भावोजींनी घेतला, बाकीच्या सगळ्यांनीही घेतला. भावोजींनी ती कमान प्रत्येकाच्या कागदावर तोडली होती.