डिफरन्शियलची उलटतपासणी

हैदराबादला लोक मोती घ्यायला जातात. मी गेले डिफरन्शियल घ्यायला. (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा, दातेरी चक्रांचा वजनदार गोळा.) अंबाजोगाईत मी गणित शिकवते आणि गेली सहा वर्षं घरामागच्या शेडमध्ये दोन आसनांची स्पोर्ट्स कार बांधते आहे. मागचा ॲक्सल जीपचा, इंजिन जुन्या व्हॅनचं, बाकी पत्रा आणि हट्ट. पहिल्यांदा रस्त्यावर काढली, शाळेच्या फाटकासमोर झटक्यात क्लच सोडला आणि मागून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. डिफरन्शियलचे दाते गेले होते. माझ्याच विद्यार्थ्यांनी गाडी ढकलत घरी आणली.

नवरा म्हणाला, "एकदा दुरुस्त कर. पुन्हा मोडली तर शेडमध्ये मी कोंबड्या पाळणार."

गौलीगुड्याजवळ बसमधून उतरले तेव्हा उजाडलं होतं. न्यायला मामा आले होते. ते निवृत्त वकील, राहायला नल्लकुंट्यात. मामींनी खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं आंबट, पातळ कालवण) वाढला. मी खट्टा तीनदा घेतला.

"बस कर गे," मामा म्हणाले. "पोट जड झालं की सौदा बिघडतो. आणि तिथं बोलणार मी."

जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ॲक्सल उसाच्या मोळ्यांसारखे रचलेले होते. दुकानदार रशीदभाई, पांढऱ्या दाढीचे, चहा पीत बसले होते. आमच्या ॲक्सलमध्ये बसतील असे दोन गोळे त्यांनी दाखवले. एक चकचकीत, एक काळाकुट्ट.

मामांनी उलटतपासणी सुरू केली. "ये हादसे की गाडी का है? हौ की नै, इत्ताच बोलो."

"वकीलसाब, वो गाडी कू मालूम. मैं तो बस बेचतूँ."

मी खडू काढून दोन्हींवर खुणा केल्या. चाकाची बाजू एकदा फिरवायची आणि इंजिनाकडच्या दांड्याचे फेरे मोजायचे. फेरे जितके कमी, तितकी गाडी पळणार; जितके जास्त, तितकी चढ ओढणार. चकचकीत गोळ्याची दुसरी बाजू उगीच फिरत होती म्हणून मामांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी मोजलं. दोन फेरेसुद्धा पुरते झाले नाहीत! ही गाडी रस्त्यावर राहणारच नव्हती, उडणार होती.

"मॅडम, एक बाजू पकडे तो दुसरी दो बार फिराना," रशीदभाई शांतपणे म्हणाले. "आप करते क्या?"

"गणित शिकवते."

"प्रश्न गैरलागू आहे," मामा घाईघाईने म्हणाले.

नीट मोजलं तेव्हा पावणेचार भरले. काळ्याचे साडेचारच्या वर. तरी माझं मन चकचकीतवरच होतं. मामाही त्याच्याच बाजूने युक्तिवाद करू लागले. रशीदभाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"इंजन किसका?"

"व्हॅनचं."

"घर कू जाते तो चढाव है?"

मी घाट आठवला, शाळेसमोरचा चढ आठवला. "आहे. बराच."

"तो वो चमकता ले जाओ. दो महिने में क्लच लेने आओगे. मेरेकू तो अच्छाच है."

मामांनी युक्तिवाद मागे घेतला. सहा वर्षं मी मनात सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवत आले होते. तसा रस्ता आमच्या गावात नाहीच. मी काळा गोळा घेतला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने वाटेत ठेवलेलं गोळ्याचं पोतं पायाने सरकवायला पाहिलं आणि पाय चोळत पुढे गेला.

गोळा बसवायला दोन रविवार लागले. मग नवऱ्याला शेजारी बसवून मी घाटाकडे गेले. एक दूधवाला कॅनसकट आम्हाला मागे टाकून गेला, जाताना त्याने नमस्कारही केला. पण गाडी न कुरकुरता वर चढत राहिली. लांबचा प्रवास करून मी वेग आणायला गेले आणि चढ चढणारी चाल घेऊन आले, याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

माथ्यावर नवरा म्हणाला, "उतर."

मला कोंबड्या आठवल्या. मी उतरले. तो सरकून स्टीअरिंगमागे बसला.

"आता मी चालवतो."