चार्टवर नसलेला हॉल्ट

ऑगस्टमधला दुसरा रविवार. ठिकाण: देवगाव रंगारी, साळवे यांचं अंगण.

हजर: मी, मेजर (निवृत्त), आर्मी सर्व्हिस कोअर. नाईक जगदीश पाटील, माझ्या कॉन्वॉयचा ड्रायव्हर. गुडघे दुखत असतानाही जळगावहून बसनं आला. शांताबाई साळवे. त्यांची मुलगी पूजा, वाळूजला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवते.

गैरहजर: हवालदार रमेश साळवे. आम्ही दरवर्षी जमतो ते त्यांच्यासाठीच.

माझी पोस्टिंग तेव्हा ईशान्येकडच्या डोंगरात होती. काम सरळ होतं: खालच्या डेपोतून रेशन आणि डिझेल वरच्या पोस्टपर्यंत पोहोचवायचं. मी कॅप्टन, कॉन्वॉय कमांडर. कंपनीत बाई मी एकटी. साळवे माझे कॉन्वॉय हवालदार. मी औरंगाबाद शहरातली, ते कन्नड तालुक्यातले. कामात हिंदी, दोघंच असलो की मराठी.

कॉन्वॉय ०५३० ला सुटायचा आणि दुपारी वर पोहोचायचा. चार्टवर मध्ये दोन हॉल्ट होते, दोन्ही उघड्या वळणांवर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. जवान उतरून दरीकडे तोंड करून उभे राहायचे. मी सीटवर बसून नकाशा बघायची. नकाशा मला पाठ होता.

यावर उपाय मी स्वतःच काढला: आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'बाईला या रस्त्यावर पाठवताच कशाला' हे ऐकावं लागलं असतं, आणि मला तो रस्ता हवा होता. महिन्याभरात ताप आला. एमआय रूममध्ये डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर मी पुन्हा तेच सुरू केलं.

एका सकाळी साळवे म्हणाले, "मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"तुमचा फ्लास्क रोज भरलेलाच वापस येतो."

"थंडी आहे. तहान लागत नाही."

"आमची शांता बी असंच म्हणायची. रानात दिवसभर पाणी पीत नाय. बांधावर आडोसा कुठंय? मुतखडा झाला तवा डॉक्टरनं लई झापलं तिला."

एवढं बोलून ते गाड्या बघायला गेले. पुढच्या फेरीला वाटेत रेडिओ वाजला.

"मॅडम, टायर चेक करना है. हॉल्ट की इजाजत. ओव्हर."

"किस गाड़ी के? ओव्हर."

"सब गाड़ी के, मॅडम. ओव्हर."

मी परवानगी दिली. जिथं थांबलो तिथं रस्ता बांधणाऱ्या मजुरांची जुनी खोली होती. छप्पर गेलेलं, तीन भिंती शाबूत. साळवे खोलीकडे पाठ करून रस्त्यात उभे राहिले, तोंडात शिट्टी. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे या. एक लांब म्हणजे थांबा. ड्रायव्हर सगळे गाड्यांच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि लोखंडी रॉडनं टायर ठोकायला लागले. गरजेपेक्षा फार जोरात. रॉडचा आवाज येतोय तोवर सगळे तिकडेच आहेत, हे मला भिंतीआड कळायचं. पुढे प्रत्येक फेरीला हेच, आणि कोणी कधी एक शब्द बोललं नाही. अपवाद जगदीश. तो एकदा मेसमध्ये म्हणाला, "अख्ख्या ब्रिगेडमध्ये आपल्याच टायरांची तब्येत सगळ्यात भारी." साळवेंनी त्याला आठवडाभर भांड्यांच्या ड्यूटीवर लावलं.

मी पाणी प्यायला लागले. त्या रस्त्यावरचे माझे सगळ्यात चांगले महिने ते.

मग ती सकाळ. रात्रभराचा पाऊस थांबला होता. रस्ता खुला असल्याचा निरोप होता. टायर चेकला थांबलो. मी भिंतीआड, रॉडचे आवाज चालू. वरून खडे घरंगळल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि लगेच लांब शिट्टी. मी जागची हलले नाही. शिट्टी चालूच राहिली. साळवे रस्त्याच्या मधोमध उभे होते. एक हात माझ्या दिशेनं: थांबा. दुसरा ड्रायव्हरांकडे: मागे व्हा. हे मला नंतर जगदीशनं सांगितलं. मला फक्त शिट्टी ऐकू येत होती. मग ती बंद झाली.

दरड खोली आणि पहिल्या गाडीच्या मधून दरीत गेली. बाहेर आले असते तर मी तिथंच असते.

"कंट्रोल, कॉन्वॉय वन. लँडस्लाइड. वन कॅज्युअल्टी, सीरियस. ॲम्ब्युलन्स पुढे पाठवा. ओव्हर."

"रॉजर. नाव?"

"हवालदार साळवे."

साळवेंना जगदीशच्या गाडीत ठेवलं आणि खाली निघालो. अर्ध्या वाटेत जगदीशनं मागे वळून पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि टोपी काढली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कर्नलसाहेबांचा पहिलाच प्रश्न: हा हॉल्ट चार्टवर नाही, मग थांबलात का? एकेक ड्रायव्हर आत जाऊन तेच सांगून आला. टायर चेक, साहेब. बाहेर माझे कंपनी कमांडर हळू आवाजात म्हणाले, "त्यावरच राहू दे. तुझ्या करिअरसाठी सांगतोय."

त्यावर राहिलं असतं तर विनापरवाना हॉल्ट साळवेंच्या नावावर गेला असता. स्वतःच्या चुकीनं गेले, असं कागदावर आलं असतं. शांताबाईंच्या कडेवर तेव्हा पूजा होती.

मी आत गेले. "सर, हॉल्ट माझ्यासाठी होता आणि परवानगी माझी होती. हवालदार साळवे माझ्या हुकमावर उभे होते. या रस्त्यावर बाई ऑफिसरसाठी आडोशाची एकही जागा नाही. ती चार्टवर घ्यावी."

"एका ऑफिसरसाठी?"

"आज एक आहे, सर."

साळवे ड्यूटीवर असताना गेले, अशी नोंद झाली. पुढच्या मोसमात थोडं खाली, दरडीपासून लांब, पक्की खोली झाली. दार, आतून कडी. ड्रायव्हर तिला साळवे हॉल्ट म्हणायचे. जवानही तीच वापरायला लागले. दरीच्या वाऱ्यात उभं राहणं त्यांनाही कुठं आवडत होतं? माझी नोकरी चौदा वर्षांनी संपली. तेव्हा माझ्या कोअरमध्ये बायकांना कायम कमिशन नव्हतं. पूजा काम करते त्याच गोदामात मी आता ॲडमिन बघते.

यंदा जेवताना शांताबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमीच सांगा हिला. कामावर पाणी पीत नाय. माझ्यावानी दुखणं लावून घेईल."

"आई, बाथरूम ऑफिसात, पार त्या टोकाला," पूजा म्हणाली. "गेलं की सुपरवायझर घड्याळ बघतो. म्हणतो, फोर्कलिफ्टवर बाई बसवली की असंच व्हतं."

"त्याला म्हणावं, टायर चेकला गेलते," जगदीश म्हणाला.

"काका, फोर्कलिफ्टचे टायर भरीव असतात. त्यात काय चेक करायचं?"

"आमचे तरी कुठं बिघडले होते?"

शांताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला शुक्रवार आठवला. शिफ्ट सुटल्यावर गोदामाच्या यार्डात गेले होते. पूजाच्या फोर्कलिफ्टवर पाण्याची बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली.

यार्डात खोली बांधायचा प्रस्ताव मी दोनदा पाठवला आहे. दोन्ही वेळा उत्तर आलं: यार्डात बायका दोनच आहेत.

निघताना रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माझ्या गाडीच्या टायरवर रॉड मारला. शांताबाईंनी सगळ्यात जोरात. घरी आल्यावर आठवड्याची यादी केली. रेशनच्या गाड्या होत्या तेव्हापासूनची सवय आहे. बाकीची कामं बुधवारपर्यंत उरकली. एक राहिलं आहे:

यार्ड, पश्चिम कोपरा. चार भिंती, दार, आतून कडी.