चौतीसची पँट

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी सात. हजर: मी, आमचे हे, दीर आणि जाऊ. सगळे उपाशीपोटी. सासूबाई गैरहजर, "या वयात रक्त देऊन काय नवीन कळणार?" असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

राजपुऱ्यातल्या लॅबमध्ये आम्ही बाकावर ओळीने बसलो होतो. तपासणी खरी जाऊसाठी होती. ती अंगाने भरलेली, मांड्यांनी जड. घरातल्या सगळ्यांची वजनं मी ज्या वहीत लिहिते, तिच्यात तिचा आकडा दर महिन्याला लाल शाईने पडायचा. एकटीलाच नेलं तर तिला टोचेल, म्हणून मी चौघांची नावं दिली. आमच्या घरी पद्धतच तशी: एकाला पथ्य लागलं की सगळ्यांच्या भाजीतलं तेल कमी होतं.

"दादा फालतूमध्ये सुई टोचून घेणार," जाऊ म्हणाली. "यांच्यात निघण्यासारखं आहे काय?"

"तुझ्यासाठी एवढं तर करतो," हे म्हणाले.

मंगळवारी रिपोर्ट आले. जाऊचं सगळं ठीक. यांची साखर वाढलेली, रक्तातली चरबीही वाढलेली. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. लॅबला फोन करून मी चार शब्द सुनावले. बुधवारी यांचं रक्त पुन्हा दिलं. निकाल तोच. लॅबवाल्यांची माफी मागितली आणि डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांपुढे मी वही ठेवली. अकरा वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, यांचं वजन बासष्ट नाहीतर त्रेसष्ट. त्यांनी पानं उलटली.

"कमर कुठे लिहिली आहे?"

"चौतीस," हे म्हणाले. "नेपानगरला मिलमध्ये लागलो तेव्हापासून चौतीसचीच पँट."

"पँटचं नाही विचारलं. उभे राहा."

टेप बेंबीवरून गेली. साडेअडतीस. पट्टा दर वर्षी थोडा खाली सरकत गेला होता आणि पोट त्याच्यावर येऊन बसलं होतं. त्या पँटना मीच इस्त्री करत होते, तरी मला दिसलं नव्हतं.

निवृत्तीनंतर सायकल सुटली, पायांचे स्नायू आटले, तेवढीच चरबी पोटात आली. म्हणून काटा हलला नाही, असं डॉक्टर म्हणाले. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती रक्तात संदेश सोडते, भुकेवर आणि साखरेवर तिचा हात असतो. कातडीखालची, मांड्यांवरची चरबी जास्तीचं खाल्लेलं नीट सांभाळते. काहींच्या शरीरात ही जागा मुळातच कमी असते. ती भरली की उरलेलं यकृतात आणि आतड्यांभोवती जातं, आणि मग शरीर इन्सुलिनला दाद देत नाही.

मला निंबोल्याचं माहेर आठवलं. कोठी भरली की उरलेला गहू जिन्याखाली ओतायचे, आणि कीड लागायची ती तिथल्याच गव्हाला. यांची कोठी लहान, जाऊची मोठी. मी हे बोलून दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उदाहरण बरोबर आहे. पण मोठी कोठीसुद्धा भरते, हे त्यांनाही सांगा."

जेवताना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. जाऊने फक्त पहिली ऐकली.

"ताई, मग दादांच्या वाटचं तूप इकडे येऊ द्या."

मी तिच्या वरणावर एक चमचा वाढला. इतकी वर्षं तिला अर्धाच मिळत होता. हे खाली मान घालून जेवत होते.

गोळी त्यांनी मुकाट्याने सुरू केली. सकाळी वेशीपर्यंत चालून येतात, दोन पोळ्यांवर थांबतात. अडलंय ते सोनोग्राफीवर. यकृतात चरबी किती साठली आहे ते बघायला हवं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे.

"बासष्ट किलोच्या माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी? तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगू?"

"कावीळ झाली सांगा," दीर म्हणाले.

मी दोनदा वेळ घेतली. पहिल्या दिवशी मी उठायच्या आत यांनी स्वतः चहा करून बिस्किटांसकट घेतला होता. दुसऱ्यांदा त्यांना ऐनवेळी बँकेतलं काम निघालं. आज पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "बघू सोमवारनंतर." कोणता सोमवार, ते सांगितलं नाही. माझ्या कामांच्या यादीत सर्वांत वर तेच आहे: यकृताची सोनोग्राफी, उपाशीपोटी. बाकी.