कृष्णकांत आणि अर्थिंगचा खड्डा

१९ मे २०२५, सोमवार. पारा पंचेचाळीस. विजेची गाडी आज चौथ्या दिवशीही चार्ज झाली नाही. सर्व्हिस सेंटरची माणसे अकराला येणार होती, एकला आली.

एवढे लिहून कौशल्याबाई अंगणात आल्या. मॅनेजर पियूष हातात टॅब घेऊन सावली शोधत होता. मागे बादली घेऊन कृष्णकांत बोरकुटे उभा होता. बाईंच्या घरची जुनी पेट्रोल गाडी बावीस वर्षे सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक म्हणून त्यानेच सांभाळली. नुसत्या आवाजावरून तो दोष सांगायचा. कंपनीने विजेच्या गाड्या आणल्या, त्यांच्यासाठी एसीचा वेगळा विभाग काढला, आणि इंग्रजीतल्या परीक्षेत नापास झालेल्या कृष्णकांतला गाड्या धुवायला लावले. पुढच्या ट्रेनिंगची यादी आज जाणार होती. तीत नाव नसेल, तर उरलेली नोकरी फडक्यावरच.

"मॅडम, बॅटरीच गेली," भिंतीवरच्या चार्जरच्या लाल दिव्याकडे पाहत पियूष म्हणाला. "पुण्याले पाठवा लागन. सहा आठवडे." गाडी दुसऱ्या चार्जरला लावून पाहायचेही त्या शहाण्याला सुचले नव्हते.

"बाई," कृष्णकांत हळूच म्हणाला, "साहेब उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी टाकत होते. तुम्ही टाकून राहिल्या का?"

"काका, तुम्हाले धुवायले आणलं. धुवा ना!" पियूष मध्येच म्हणाला.

कौशल्याबाई आत जाऊन जुनी डायरी घेऊन आल्या. २४ एप्रिल २०२२: 'ह्यांनी खड्ड्यात मीठ-पाणी घातले.' त्या जुलैत साहेब गेले. पाणी घालायचे काम त्यांचे, लिहायचे बाईंचे. त्यानंतर नोंद नव्हती, कारण पाणी कोणी घातलेच नव्हते.

"जमीन सुकली की अर्थिंग लागत नाही, मग चार्जर वीज घेत नाही, बाई. त्याले धोका वाटते," म्हणत कृष्णकांतने धुण्यासाठी भरलेली बादली, स्वयंपाकघरातले मीठ घालून, खड्ड्यात ओतली. मग आणखी तीन. अर्ध्या तासाने दिवा हिरवा झाला.

पियूषने टॅबवर इंग्रजीत रिपोर्ट ठोकला. "इथं सही करा मॅडम, अन् पाच स्टार."

बाईंनी चष्मा लावून वाचले. सॉफ्टवेअर रीसेट केले, म्हणे.

"कोणी केलं रीसेट?"

"सिस्टिमनं."

"तुमच्या सिस्टिमचं नाव कृष्णकांत बोरकुटे. तसं लिहा. ट्रेनिंगच्या यादीतही त्याचं नाव घाला, माझ्यासमोर. मग सही."

"त्यांचं इंग्रजी कच्चं आहे, मॅडम."

"या दोन ओळींत तुमच्या तीन चुका आहेत. तुम्हाला कोणी पास केलं?"

पियूषचे कान लाल झाले. त्याने रिपोर्ट बदलला, मग यादी उघडून नाव घातले. यादी गेल्याचे पाहूनच बाईंनी सही केली. स्टार मात्र एकच दिला.

"बाई, गाडी धुवायची राहिली," जाताना कृष्णकांत म्हणाला.

"ती आता यांना धुऊ दे."

संध्याकाळी त्यांनी लिहिले: खड्ड्यात आणखी दोन बादल्या पाणी घातले. मीठ संपले, उद्या आणणे.